समोरून नॉर्मल

माझ्या खोलीत कुणी ओरडत नाही, याचा मला तीस वर्षं अभिमान होता. रोह्याच्या ज्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो, तिथे ड्रेसिंगच्या खोलीत भलेभले आईचं नाव घेतात. इंजेक्शनच्या खोलीतून लहान पोरांचा टाहो दुपारभर ऐकू येतो. माझ्या दारावरचा लाल दिवा लागला की मात्र आत शांतता. आमच्याकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटोच म्हणतात. लोक एकमेकांना सांगायचे, "फोटो त्याच्याकडंच काढ, हात हलका हाय त्याचा."

हलका हात म्हणजे काय, तर मी हात लावतच नसे. खांदा दुखावलेला माणूस आधी आमच्याकडे येत नाही. आधी तो गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे जातो. तो काहीतरी पाला वाटून लावतो, वर कापड गुंडाळतो आणि हात पोटाशी बांधून टाकतो. चार दिवसांत उतार पडला नाही की मग फोटो. माणूस आत येतो तोच बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरून, तान्हं मूल सांभाळावं तसा. चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोन फोटो लिहिलेले असतात, एक समोरून आणि एक बगलेतून. समोरूनचा सोपा. बगलेतला घ्यायचा तर हात अंगापासून थोडा तरी लांब न्यावा लागतो आणि तिथेच माणूस किंचाळतो. म्हणून मी बांधलेला हात तसाच ठेवून समोरून एक घ्यायचो आणि दुसऱ्यापुढे लिहायचो, 'पेशंटला सहन होत नाही.' खांदा निखळला तर बहुतेक वेळा पुढेच निखळतो, आणि पुढे निखळलेला समोरून दिसतोच. खांद्याच्या वाटीतून हाडाचा गोळा खाली उतरलेला शिकाऊ माणसालाही ओळखता येतो. त्यामुळे माझं कधी अडलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही.

पाच वर्षांपूर्वी जवळच्या निडी गावची एक बाई आमच्याकडे टेक्निशियन म्हणून लागली. रोज गाडीने यायची. डिप्लोमा झालेली, दोन मुलांची आई, पुस्तकाला धरून चालणारी. पहिल्याच आठवड्यात तिने एका शेतकऱ्याचा हात बगलेतल्या फोटोसाठी बाजूला घेतला आणि त्याने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. मी तिला बाहेर बोलावून झापलं. "माणूस दुखणं घेऊन येतो. आपण त्यात भर घालायची नाय. समोरूनचा घे आणि सोड."

"पण सर, खांदा पाठीमागं गेला असंल तर?"

"पंचवीस वर्षांत मी एक पाहिला नाय," मी म्हणालो. ते वाक्य खरं होतं. का खरं होतं ते मला फार उशिरा कळलं.

घरी मी एकटा राहतो. तसा मी बायकापोरांचा माणूस आहे. लेक पनवेलला असते. तिला मुलगी झाली तेव्हा बायको सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली. सव्वा महिन्याचे सहा महिने झाले, मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग नातीला सांभाळायला दुसरं कोण, असं करता करता चार वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. बायको गणपतीत येते, शिमग्याला येते, मसाल्याच्या बरण्या भरते, माझे फाटके बनियन फडक्यांत टाकते आणि जाते. अधूनमधून फोन करते. "जेवलात?" "जेवलो." "बरं हाय ना?" "बरं हाय." झाला फोन. ये, असं मी कधी म्हणालो नाही. आपणहून गेली, आपणहून येईल, असं माझं म्हणणं. लोक विचारायचे, वहिनी कधी येणार? मी म्हणायचो, मला कुकर लावता येतो. जेवताना टीव्ही मोठ्याने लावायचो. बातम्यांचं मला काही सोयरसुतक नव्हतं, पण घरात कुणीतरी बोलत असलं की घास उतरायचा.

गेल्या थंडीत एका सकाळी जाग आली ती फरशीवर. पलंगाशेजारी, तोंड भिंतीकडे. अंग सगळं कुणीतरी बडवून काढल्यासारखं दुखत होतं. जिभेच्या कडेला चावल्याची जखम होती आणि उशीवर रक्ताचा डाग. उजवा हात पोटाशी आडवा, तिथून हलेना. पलंगावरून पडलो, असा मी अर्थ लावला. सत्तावन्न वर्षांचा माणूस पाळण्यातल्या पोरासारखा पडला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? उशीचा अभ्रा धुतला आणि दवाखान्यात सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो.

माझा फोटो निडीच्या बाईनेच काढला. मला मशीनपुढे उभं केलं, मागची फोटोची प्लेट वरखाली केली आणि हळूच विचारलं, "सर, बगलेतून एक घेऊ?"

"शिकवलेलं विसरलीस काय?" मी म्हणालो. तिने समोरून एक घेतला.

पडद्यावर मीच आधी वाकून पाहिलं. हाड मोडलेलं नाही, गोळा वाटीसमोर. डॉक्टर राउंडवरून येऊन खुर्चीत बसायच्या आत मी त्यांना सांगून मोकळा झालो, "फोटो नॉर्मल हाय." त्यांनी फोटो पाहिला, माझा हात फिरवायचा प्रयत्न केला, माझी साखर किती असते ते विचारलं. "डायबेटिस आहे, वय आहे. खांदा आखडलाय. बगलेतला एक घेतला असता तर बरं." मी म्हणालो, "सहन नाय झालं, डॉक्टर." माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. फ्रोझन शोल्डर, असं कागदावर लिहून त्यांनी व्यायाम दिले.

सात आठवडे मी ते व्यायाम केले. भिंतीवर बोटांनी चढत जायचं. दाराच्या चौकटीवरून दोर टाकून दुखऱ्या हाताला चांगल्या हाताने ओढायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हात बाहेरच्या बाजूला तसूभर वळत नव्हता. एकट्या माणसाचा उजवा हात गेला की काय काय जातं, ते त्याला एकेक करून कळतं. पायजम्याची नाडी एका हाताने बांधून बघा. मी नाडीचं एक टोक दातांत धरायला शिकलो, आणि एकदा तसाच वाकलेला असताना दारात दूधवाला आला. वरण डाव्या हाताने वाढताना ओट्यावर, ओट्यावरून पायावर. दाढी अर्धवट. फोनवर बायकोने विचारलं, "बरं हाय ना?" मी म्हणालो, "बरं हाय." सात आठवड्यांत तिचे आठ-दहा फोन आले असतील. प्रत्येक वेळी मला वाटे, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटे, आपण सांगितलं तर ती येईल, आणि मग ती माझ्यासाठी नाही, खांद्यासाठी येईल.

पुढे शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता. तीर्थप्रसाद घ्यायला रांगेत उभा राहिलो. उजवा हात पुढे केला, पण पंजा काही वर वळेना, कडेवरच उभा राहिला. भटजींनी पळीने तीर्थ सोडलं ते करंगळीवरून थेट बाहीत. "अहो, हात नीट धरा," भटजी म्हणाले. मी दुसऱ्यांदा धरला, पुन्हा तेच. शेवटी डावा हात पुढे केला. मागून एक म्हातारी बोललीच, "डाव्या हातानं तीर्थ? शिकलेली मानसं!" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन ओली बाही काढायला मला दहा मिनिटं लागली, आणि मला स्वतःची इतकी दया आली की मी शर्ट तसाच अर्धा अंगात ठेवून पलंगावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी हा किस्सा मी दवाखान्यात रंगवून सांगितला. निडीच्या बाई हसल्या नाहीत. "सर, पेणला दाखवा," त्या म्हणाल्या. "सात आठवडे झाले. आखडलेला खांदा पन येवढा नाय अडत." मी नेहमीप्रमाणे उडवून लावायला गेलो, तर त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "तुम्ही नुसते पेशंट असतात तर मी तुम्हाला ओरडू दिलं असतं," असं म्हणून त्या आत गेल्या आणि लाल दिवा लावला.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी पेणला गेलो. खिडकीशी बसलो, डाव्या हाताने दांडा धरून. कासूच्या पुढे खारेपाट सुरू झाला, पाणी भरलेली शेतं, त्यात उभे बगळे. डब्यात सगळे दोघं-तिघं मिळून निघालेले. कुणाच्या तरी डब्यातल्या वालाच्या बिरड्याचा वास येत होता. दवाखाना रामवाडीत, हायवेपासून जवळ. हाडांची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची निघाली. तिने कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवायला सांगितला. तो वळला नाही. मी गंमत म्हणून म्हणालो, "डॉक्टर, मला तीर्थसुद्धा घेता येत नाय हो."

ती लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे? घ्या बघू तीर्थ."

मी हात पुढे केला. पंजा कडेवर उभा. तिने माझ्या खांद्याच्या मागच्या बाजूला बोटं दाबून पाहिली आणि मग माझा रोह्याचा फोटो दिव्यावर लावला. "बगलेतला कुठाय?"

"नाय काढला."

"कुठल्या टेक्निशियनने काढला हा?"

मी म्हणालो, "मीच." तांत्रिकदृष्ट्या ते खोटं होतं, पण दुसरं उत्तर त्याहून खोटं झालं असतं. मग मी काय काम करतो तेही सांगितलं. तिने चिठ्ठीवर दुसऱ्या फोटोचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पेणचा टेक्निशियन माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, जाडगेला, शांत माणूस. "काका, हात बाजूला घेतो. दुखणार हाय. ओरडायचं तेवढं ओरडा," तो म्हणाला आणि खरोखरच घेतला. मी ओरडलो. असा ओरडलो की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली असतील. त्याने हात सोडला नाही, चेहराही वाकडा केला नाही. मी श्वास रोखेपर्यंत थांबला, बटण दाबलं आणि म्हणाला, "झालं." तेवढंच. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण माझ्या डोळ्यांसमोर माझी सगळी शांत खोली उभी राहिली.

पडद्यावर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गोळा वाटीच्या मागे जाऊन बसला होता. नुसता बसला नव्हता, वाटीच्या कडेवर अडकला होता, आणि अडकला होता तिथे गोळ्याला पोचा पडला होता, हंडा नळाच्या टोकावर आपटावा तसा. डॉक्टरने शेजारी माझा रोह्याचा फोटो लावला आणि पेनाने दाखवलं. गोळा आत वळलेला असला की समोरून विजेच्या बल्बसारखा गोल दिसतो. गोळा आणि वाटी एकमेकांवर जेवढी चढलेली दिसायला हवी तेवढी इथे दिसत नाहीत. तिने दाखवल्यावर सगळं इतकं स्पष्ट होतं की मला तिच्याकडे बघवेना. समोरून सगळं जागच्या जागी होतं, फक्त खांदा सात आठवडे मागे होता, आणि मी त्याला दोराने ओढत होतो.

पोचा किती खोल आहे ते बघायला सीटी स्कॅन केला. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो असताना मला एक माणूस आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी मिठागरातला एकजण आला होता. पाण्याच्या मोटारीचा शॉक बसून फेकला गेलेला. हात पोटाशी बांधलेला. मी समोरून एक घेतला, नॉर्मल म्हणालो, आणि जाताना त्याने मला डाव्या हाताने नमस्कार केला. "लय हलका हात तुमचा," म्हणाला. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तेव्हाची रजिस्टरं रद्दीत गेली. असे आणखी किती, ते आठवायचा मी प्रयत्न केला नाही, मला भीती वाटली.

डॉक्टरने पुन्हा आत बोलावलं. "ऑपरेशन करावं लागेल. ते करू. पण आधी मला हे सांगा, हे झालं कसं? खांदा असा मागे जायला समोरून जबर मार लागावा लागतो, नाहीतर विजेचा झटका, नाहीतर फिट. बाथरूममध्ये घसरून सहसा असं होत नाही."

मी खरं सांगितलं. फरशी, अंगदुखी, जीभ.

"रक्त कुठे होतं? फरशीवर?"

"उशीवर."

"म्हणजे पलंगावरून पडायच्या आधीच जीभ चावली गेली," ती म्हणाली. "रात्री तुमच्याजवळ कोण झोपतं?"

"कुणी नाय."

"मग फिट आली का नाही, हे सांगणार कोण?"

तिच्या बोलण्यात दया नव्हती, तिला फक्त माहिती हवी होती. पण चार वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला हुंदका आला. मी तो खोकल्यावर नेला आणि ती मुद्दाम कागदांत बघत राहिली. मग म्हणाली, "पूर्वी कधी असं झालंय का, बायकोला विचारा. आत्ताच विचारा, मला औषधासाठी हवंय."

बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावला. दुपारची वेळ, बायकोला माझा फोन येण्याची ही वेळच नव्हे. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं, सात आठवड्यांसकट. ती मला मध्ये तोडेल, रागवेल असं वाटलं होतं. तिकडून नातीच्या बडबडीचा आवाज येत होता, मग दार लोटल्याचा आवाज आला आणि नात गप्प झाली.

"तीनदा," बायको म्हणाली.

"काय तीनदा?"

"मी तिकडं असताना तीनदा झालेलं तुम्हाला. झोपेत. अंग ताठ व्हायचं, मग थडाथडा उडायचं. मी सकाळी सांगितलं होतं. तुम्ही काय म्हनालात? म्हनालात, दवाखान्यात मी काम करतो का तू? स्वप्न पडलं असंल तुलाच."

मला आठवेना. म्हणजे मी असंच म्हणालो असणार.

"मग तू काय करायचीस?"

"काय करनार? हा उजवा हात पलंगाच्या दांडीवर आपटायचा तुमचा. तो धरून ठेवायचे, छातीशी घट्ट. थांबेपर्यंत. मग तुम्ही घोरायला लागायचात. आता कोन धरनार होतं, सांगा."

मी व्हरांड्यात उभा होतो, समोर हायवेवर ट्रकांची रांग लागलेली. तीस वर्षं मी खांद्याचे फोटो काढले. माझा खांदा जागेवर कुणी ठेवला होता ते कुठल्याच फोटोत नव्हतं. "आत जाऊन डॉक्टरांना सांगतो," एवढंच मला बोलता आलं.

ती त्याच संध्याकाळी पेणला आली. जावयाने गाडीने पेणच्या अलीकडपर्यंत सोडली, पुढे ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तर उतरून सहा आसनी रिक्षाने आली. ऑपरेशन झालं. मेंदूचा फोटो झाला, डोक्याला तारा लावून तपासणी झाली, फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. हात बाहेरच्या बाजूला वळवून पट्ट्यात अडकवला होता, कुणापुढे काहीतरी मागत असल्यासारखा. रोह्याला घरी आलो. ती मला भरवायची नाही, म्हणायची, डावा हाय ना. नाडी मात्र बांधायची. सकाळी तिचे डोळे तारवटलेले असत. विचारलं तर म्हणायची, "जागा बदलली की झोप नाय लागत." जागा तिच्याच घरातली, तिचाच पलंग. मला कळत होतं, पण मी फक्त चहा जास्त कर म्हणायचो. टीव्ही त्या चार महिन्यांत मोठ्याने लागला नाही.

पट्टा निघाला, मग तसाच दुखत दुखत हात सुटत गेला. मी कामावर जायला लागलो. आता मी बगलेतला फोटो घेतो. माझ्या खोलीतून लोक ओरडतात, लाल दिवा लागलेला असताना आवाज बाहेर जातो. निडीच्या बाई पहिल्या दिवशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

चार महिन्यांनी पेणला शेवटची तपासणी होती. बायको बरोबर होती, मांडीवर माझी फाइल. डॉक्टरने नवे फोटो पाहिले, दोन्ही बाजूंचे. गोळा वाटीत होता. "फिट नाही आली ना एकदाही? छान. गोळ्या लागू पडल्या. आता सोबतीला सतत कुणी हवं असं नाही."

"आनि गोळी चुकली तर?" बायकोने विचारलं.

"चुकवायची नाही."

"विसरले तर?"

"मोबाइलमध्ये गजर लावा."

"आमच्याकडं रेंज नसते कधीकधी."

डॉक्टर हसली. "गजराला रेंज लागत नाही, काकू."

"तरीपन," बायको म्हणाली, "वय झालंय त्यांचं."

"मी नाय विसरत काही," मी म्हणालो. "चल, डॉक्टरांचा वेळ नको घेऊस."

तिने फाइलची दोरी बांधली आणि उठली. परतीच्या गाडीत ती नागोठण्यापर्यंत बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

दोन दिवसांनी ती निघाली. नातीची शाळा सुरू व्हायची होती. बरण्या भरल्या, गोळ्यांची पाकिटं टीव्हीच्या बाजूला लावून ठेवली. रिक्षा दारात आली तरी ती पदर नीट करत, पिशव्यांच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासत राहिली. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. एकच शब्द, राहा. पण राहा म्हणायला काही कारण हवं ना? खांदा बरा होता, फिट थांबल्या होत्या, डॉक्टरने तर लिहूनच दिलं होतं. मी म्हणालो, "पोचल्यावर फोन कर."

"करते," ती म्हणाली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

संध्याकाळी आठचा गजर वाजला. गोळी घेतली आणि गजर बंद करता करता माझा हात तिथेच राहिला. जी बाई लेकीच्या घरात दिवसभर मोबाइलवर नातीला गाणी लावून देते, भाजी मागवते, तिला गजराला रेंज लागत नाही हे माहीत नसेल? ती डॉक्टरला एकेक करून कारणं देत होती. डॉक्टरने दोन-तीन खोडली होती, ते तिचं कामच होतं. शेवटचं मी खोडलं. गाढव मी, आणि वर तिला चल म्हणालो.

साडेआठला तिचा फोन आला. "पोचले. गोळी घेतलीत?"

घरात इतकी शांतता होती की तिकडच्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. हो म्हणालो असतो तर फोन संपला असता.

"विसरलो," मी म्हणालो.

"घ्या आत्ता. मी थांबते."

मी फोन ओट्यावर ठेवला, माठातून पेला भरला आणि नुसतं पाणी प्यायलो. "घेतली," मी म्हणालो. मग तिने नात काय जेवली ते सांगितलं, गाडीत कोण भेटलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विसरलो. तिसऱ्या दिवशीही. गोळी रोज आठला पोटात जात होती आणि साडेआठला मी ती विसरत होतो. ये म्हणणं माझ्याकडून अजून झालेलं नाही.

चौथ्या दिवशी फोन वाजला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पाणी प्या. मी थांबते."

गोळी नाही, पाणी म्हणाली. मी पेला भरला. तिला ऐकू जाईल असा फोन जवळ ठेवला आणि सावकाश, एकेक घोट घेत प्यायलो.